कार्ड कोणते घ्यावे? आधी धुऱ्यावर मोजा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहात शिरताना दाराशीच तिघांनी मला अडवले. तिघांचा प्रश्न एकच. "भाऊ, कार्ड कोणते घ्यावे? आमच्या वावरात कोणाचाच कॉल टिकत नाही." मी म्हटले, याचे उत्तर दाराशी उभे राहून देता येत नाही, आत चला. मी टेलिफोनचा इंजिनीयर नाही. तुमच्यासारखाच पऱ्हाटी आणि ज्वारी पेरणारा माणूस आहे. पण २०२३ च्या जुलै महिन्याने मला या विषयाच्या मागे लावले.

त्या जुलैत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला तो इथे कोणाला सांगायला नको. महागाव तालुक्यात अडकलेली माणसे काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. माझे वावर नाल्याला लागून. तीन एकर पऱ्हाटी दोन दिवस पाण्याखाली होती. पीक विम्याचा त्या वेळचा नियम असा, की नुकसान झाले की ७२ तासांच्या आत कळवायचे. कळवायचे ॲपवर, नाहीतर टोल-फ्री नंबरवर. ॲप उघडेना, म्हणून नंबर लावला.

पहिला कॉल लागला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, मग गाणे. नऊ मिनिटांनी एका मुलीचा आवाज आला. तिने नाव विचारले, गाव विचारले, गट नंबर विचारला. गट नंबराचे दोन आकडे सांगितले आणि कॉल तुटला. दुसरा कॉल लागलाच नाही. तिसरा लागला, पण मध्येच मुका झाला. मी इकडून "हॅलो, हॅलो" करतो, पलीकडून काही नाही, आणि पडद्यावर सेकंद पळताहेत. शेवटी कंटाळून मीच कापला. हा तिसरा कॉल लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

असे करता करता तिसरा दिवस उजाडला. शेवटी गावामागच्या बरडावर चढलो, तिथून कॉल टिकला आणि सत्तराव्या तासाला माझी तक्रार नोंदली गेली. माझ्या शेजाऱ्याची नोंद चौथ्या दिवशी झाली. मुदतीबाहेर. पाणी दोघांच्या वावरात सारखेच होते.

मी फोन कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचे कार्ड असते तरी उत्तर हेच आले असते. उत्तर असे: "आपल्या विभागात आमचे कॉल तुटण्याचे प्रमाण ठरवून दिलेल्या २ टक्क्यांच्या आत आहे." मला वाटले, धडधडीत खोटे बोलताहेत. पुढे वर्षभर वाचले, विचारले, मोजले, तेव्हा कळले की ते खोटे बोलत नव्हते. खोटे न बोलताही असे उत्तर कसे देता येते, ते मला आज सांगायचे आहे.

हापशी आणि घंटी

आपल्या देशात मोबाईलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये लागत आणि आलेल्या कॉलचेही पैसे द्यावे लागत. तो आपला विषयच नव्हता. त्या काळात आपल्या गावात सरपंचाच्या नाहीतर दुकानदाराच्या घरावर उंच खांब आणि त्यावर अँटेना असलेला सार्वजनिक फोन असायचा, आणि तो बहुतेक वेळ बंद असायचा. म्हाताऱ्यांना आठवत असेल.

मोबाईलची जी पद्धत आधी आली तिचे नाव जीएसएम. युरोपातली. तिच्यावरचे पहिले जाळे १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाले. दुसरी पद्धत सीडीएमए, अमेरिकेतल्या क्वालकॉम कंपनीने पुढे आणलेली. आपल्याकडे जानेवारी २००१ मध्ये सरकारने साध्या टेलिफोनच्या कंपन्यांना "मर्यादित फिरता" फोन देण्याची मुभा दिली, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढ्या हद्दीत फिरेल असा. त्यातून सीडीएमए गावागावात शिरले. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सेवा सुरू केली, पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हातात फोन मिळू लागला. जीएसएमवाल्या कंपन्या म्हणाल्या, हे मागच्या दाराने शिरले. भांडण न्यायाधिकरणात गेले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकच परवाना करून सरकारने ते मिटवले. त्या दिवसांत दोन्हीकडचे विक्रेते गावात येऊन छातीठोकपणे सांगत, आमचाच कॉल तुटत नाही. खरे कोणाचे होते? त्यासाठी दोन्ही पद्धती आतून कशा चालतात ते बघू.

जीएसएम म्हणजे गावातली हापशी. एका लहरीवर आठ पाळ्या. आठ जण आपापला गुंड घेऊन रांगेत, आणि पाळी इतक्या झपाट्याने फिरते की प्रत्येकाला वाटते आपली धार चालूच आहे. एखाद-दुसरी पाळी टॉवर स्वतःच्या कामाला ठेवतो, उरलेल्या तुमच्या-माझ्या बोलण्याला. पाळ्या भरल्या की पुढच्याला सरळ नकार: "सर्व मार्ग व्यस्त आहेत." ज्याला पाळी मिळाली त्याची सहसा जात नाही. फार गर्दी झाली तर कंपनी एका पाळीत दोघांना बसवते. मग आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पण कॉल चालतो. (जुन्या रेडिओजवळ फोन ठेवला की कॉल येण्याआधी डर्र-डर्र वाजायचे, ती हीच पाळी. सेकंदाला २१७ वेळा.)

सीडीएमएमध्ये पाळी नाही. सगळे एकाच वेळी, एकाच लहरीवर बोलतात. मग टॉवरला कोणाचे काय ते कसे कळते? संध्याकाळी गोहन गावात शिरते तेव्हा शंभर गळ्यांतल्या घंट्या एकदम वाजत असतात. तरी ओसरीवर बसलेला माणूस न पाहता सांगतो, माझी कपिली आली. त्याच्या कानाला ती घंटी ठाऊक असते. सीडीएमएमध्ये प्रत्येक कॉलला अशी वेगळी घंटी दिलेली असते आणि टॉवरचा कान ती ओळखून काढतो. पद्धत हुशारीची आहे यात शंका नाही. पण तिला दोन पथ्ये आहेत. एक, कोणाची घंटी फार मोठी वाजता कामा नये, नाहीतर बाकीच्या बुडतात. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला शेकडो वेळा सांगत असतो, आवाज कमी कर, आवाज वाढव. दुसरे पथ्य आपल्या कामाचे. गोहनात जनावरे वाढली की एकूण कल्लोळ वाढतो, आणि मग सगळ्यात मागे, नाल्यापलीकडे राहिलेल्या गाईची घंटी ऐकू येत नाही. ती गाय जागची हललेली नसते. तरी ती हरवते.

म्हणजे गर्दी वाढली की सीडीएमएच्या टॉवरची हद्द आक्रसते आणि गर्दी ओसरली की पुन्हा पसरते. इंजिनीयर म्हणतात, सेल श्वास घेतो. आणि हद्दीच्या टोकाला कोण असतो? टॉवर बाजाराच्या गावात, टोकाला आपण. बाजाराच्या दिवशी तिकडे शंभर माणसे बोलायला लागली की आपला चालू कॉल इकडे वावरात तुटायचा, आणि आपण फोनला शिव्या द्यायचो.

दोन्ही पद्धती गर्दीत कमी पडतात, पण कमी पडण्याची तऱ्हा वेगळी. जीएसएम दारातच नाही म्हणते. सीडीएमए सगळ्यांना आत घेते आणि टोकावरच्याला बाहेर टाकते. आता कोणाचे "कॉल तुटण्याचे प्रमाण" कमी दिसेल? नाही म्हटलेला कॉल तुटलेल्यात धरत नाहीत, कारण तो लागलाच नव्हता. जीएसएमचे नुकसान एका रकान्यात आणि सीडीएमएचे दुसऱ्यात. एकच रकाना दाखवून तुलना केली की हवा तो निकाल निघतो.

सीडीएमएची एक गोष्ट खरोखर सरस होती, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. चालत्या गाडीत एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाताना जीएसएम चेंडू फेकल्यासारखा कॉल फेकते. झेलला तर झेलला. सीडीएमएत लेकरू दुसरीने नीट घेतल्यावरच पहिली हात सोडते. काही क्षण ते दोघींच्याही हातात असते. म्हणून नागपूर-वर्धा रस्त्यावर बोलत जाणाऱ्याला सीडीएमए चांगले वाटायचे आणि ते चांगलेच होते. पण त्यासाठी घेणारी दुसरी जवळ असावी लागते. आपल्या वावरात एक टॉवर कसाबसा पोचायचा, दुसरा आणायचा कुठून? जाहिरातीतला तो गुण आपल्यापर्यंत कधी आलाच नाही.

ढोल लांब जातो, झांज जात नाही

त्या काळात खेड्यात एक समज पक्का झाला होता, की सीडीएमएची रेंज जास्त. समज अगदी खोटा नव्हता. पण त्याचे श्रेय पद्धतीला गेले, त्यातला मोठा वाटा लहरीचा होता. सीडीएमएला सरकारने ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर दिली. जीएसएमच्या आधी आलेल्या कंपन्यांना ९०० ची मिळाली. मागून परवाना मिळालेल्या जीएसएम कंपन्यांना बहुतेक १८०० ची. लग्नाच्या वरातीत ढोल आणि झांज दोन्ही वाजतात, पण पलीकडच्या गावात फक्त ढोल ऐकू येतो. लहरीचेही काहीसे तसेच. आकडा लहान तितकी ती लांब जाते, बांधा-झाडांना वळसा घालते, भिंतीतून आत शिरते. त्यात ९०० वर बोलणारा जीएसएम फोन २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो, १८०० वर १ वॅट. म्हणजे १८०० वाल्या कार्डाची तुलना ८०० वाल्या फोनशी केली तर कोण जिंकणार ते आधीच ठरलेले. लोक मात्र म्हणत, सीडीएमए चांगले, जीएसएम वाईट. ९०० वाले कार्ड घेऊन कोणी मोजलेच नाही.

जीएसएमला एक कुंपण मात्र पद्धतीचेच आहे. पाळीचे गणित सांभाळायचे म्हणून साध्या बांधणीत टॉवरपासून ३५ किलोमीटरच्या पुढे कॉल होतच नाही, लहर पोचली तरी. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी मधला बरड नाहीतर टेकडी आडवी येते, त्यामुळे हा फरक कागदावरच राहिला.

मग सीडीएमए गेले कुठे? कॉल तुटत होते म्हणून ते गेले नाही. फोन आणि कंपनी यांची गाठ बांधलेली होती. जीएसएममध्ये कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येई, जुना फोन भाच्याला देता येई. सीडीएमएचा फोन बहुतेक कंपनीच्याच दावणीला. जगभर जीएसएमचे फोन जास्त विकले जात, म्हणून तेच स्वस्त झाले. पुढे रिलायन्सने आणि टाटांनी स्वतःच जीएसएमही सुरू केले, २०१७ अखेर रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली आणि टाटांचा मोबाईल धंदा जुलै २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला. गंमत अशी, की जीएसएमवाल्यांनी पुढची पिढी म्हणून जे थ्री-जी आणले त्याच्या पोटात हीच घंटीची पद्धत होती, श्वास घेण्यासकट. आणि सीडीएमएची ती ८०० ची लांब जाणारी लहर आज जिओच्या फोर-जीला उपयोगी पडते आहे. फलक उतरला, माल राहिला.

आजचे भांडण

आज तुमच्यासमोर जीएसएम की सीडीएमए असा प्रश्न नाही. आज प्रश्न आहे कॉल टू-जीवर जातो की फोर-जीवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते फक्त फोर-जी घेऊन. बोलणेसुद्धा इंटरनेटच्या तुकड्यांतून जाते, त्याला व्होल्टे म्हणतात. जिथे फोर-जी पुरेसे असते तिथे तो कॉल लवकर लागतो आणि आवाज समोर बसल्यासारखा येतो. टू-जीच्या आवाजात खालचा आणि वरचा सूर कापलेला असतो, व्होल्टेमध्ये तो बराच राहतो. शहरातल्या माणसाला विचाराल तर तो डोळे मिटून व्होल्टे म्हणेल.

वावरात मात्र आणखी एक गोष्ट बघावी लागते. फोर-जीची लहर संपते तिथे खाली काय आहे? एअरटेल आणि व्हीआय यांच्या फोर-जीखाली अजून टू-जी आहे. जाळे नीट बांधले असेल तर चालू कॉल वरून घसरला तरी टू-जीवर पडून चालू राहतो. आवाज बिघडतो, कॉल राहतो. जिओला खाली टू-जी नाही. फोर-जी संपले की कॉल संपला. उलट जिओकडे ८०० ची लहर असल्यामुळे काही गावांत त्यांचे फोर-जी इतरांपेक्षा पुढे जाते आणि खाली पडायची वेळच येत नाही. बीएसएनएलने आपले देशी बनावटीचे फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू केले. काही आडवळणाच्या गावांत त्यांचाच एकटा टॉवर आहे, आणि तिथे तुलना करायला दुसरे कोणी नाही. फाईव्ह-जीबद्दल एवढेच सांगतो, की त्याची ३५०० मेगाहर्ट्झची लहर म्हणजे झांजेहूनही बारीक घुंगरू. ते चौकात वाजेल. त्याच्या भरवशावर वावरातल्या कॉलसाठी फोन बदलू नका.

ज्यांनी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवले त्यांना मुद्दाम सांगतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'पासून अशी अनेक यंत्रे आली. त्यांतली बरीच टू-जीच्या कार्डावर चालतात. टू-जी बंद करा अशी मागणी काही वर्षांपासून जोरात चालू आहे. बंद झाले तर रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटार सुरू करायला तुम्हाला पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागेल. नवीन स्टार्टर घेताना दुकानदाराला आधी विचारा, यात फोर-जी आहे का.

दोन टक्क्यांची गंमत

आता कंपनीच्या उत्तराकडे येतो. ट्राय या सरकारी नियामकाने मापदंड ठेवला होता, की लावलेल्या १०० कॉलपैकी निदान ९५ लागावेत आणि लागलेल्यांपैकी तुटणारे २ टक्क्यांच्या आत असावेत. हिशेब करा. शंभर वेळा नंबर फिरवला, ९५ लागले, त्यांतले दोन तुटले, पार पडले ९३. सात वेळा तुमचे काम झाले नाही आणि तरी कंपनी पास. तेही एक वेळ सोडा. हे दोन टक्के पूर्वी मोजायचे कुठले? संपूर्ण महाराष्ट्र विभागाचे. या विभागात मुंबई नाही, पण पुणे आहे, नाशिक आहे, नागपूर आहे आणि गोवासुद्धा आहे. पणजीच्या कॉलची आणि माझ्या नाल्याकाठच्या कॉलची सरासरी काढली तर मी बुडणारच. सरासरी दोन फूट पाण्यात बुडून मेलेल्या माणसाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने मोजणी सुधारली. नुसती सरासरी न धरता दहापैकी नऊ सेल, दहापैकी नऊ दिवस दोन टक्क्यांच्या आत असावेत असा नियम केला. चांगली सुधारणा. पण सुटलेला दहावा सेल कोणाचा? गल्लीगल्लीत टॉवर असलेल्या शहराचा, की पाच गावांना एक टॉवर असलेल्या तालुक्याचा?

आणखी एक. दोन टक्के हे प्रत्येक कॉलमागे धरतात. समजा सरासरी कॉल दोन मिनिटांचा. विम्याच्या नंबरवरचा कॉल बारा मिनिटांचा. तो सहा कॉलएवढा वेळ धोक्यात असतो. म्हणजे दोन टक्क्यांच्या चांगल्या जाळ्यावरसुद्धा असा कॉल तुटण्याची शक्यता शंभरात अकरा-बारा होते. "पोचलो का?" "पोचलो" एवढे बोलणाऱ्याला जाळे चांगले वाटते आणि अर्ज-तक्रारीसाठी गाणे ऐकत बसणाऱ्याला वाईट. दोघेही खरे बोलताहेत.

आणि जिथे कॉल लागतच नाही तिथे? तिथे कॉल तुटण्याचे प्रमाण शून्य. त्या रकान्यात सगळ्यात चांगली सेवा, ज्या तांड्यावर रेंजच नाही तिथली.

आता माझा तिसरा कॉल. मुका झालेला. टू-जीच्या जाळ्यात टॉवरचा आवाज फोनला ऐकू येईनासा झाला की लगेच कॉल तोडत नाहीत, थोडी वाट बघतात. हे बरोबरच आहे. ट्रक आडवा गेला तर दोन सेकंदांत लहर परत येते. किती वाट बघायची, तो आकडा कंपनी ठरवते. ४ ते ६४ पर्यंत ठेवता येतो आणि एक घर म्हणजे साधारण अर्धा सेकंद. आकडा ६४ वर ठेवला तर जाळे तीस सेकंद वाट बघते. तीस सेकंद मुका फोन कानाला लावून कोण उभा राहतो? दहाव्या सेकंदाला आपण कापतो. मग वहीत काय लिहिले जाते? "ग्राहकाने कॉल संपवला." तुटलेल्यात नोंद नाही. वर त्या मुक्या सेकंदांचे पैसेही लागू शकतात. २०१६ च्या सुमारास हा विषय वर्तमानपत्रांत आला होता आणि ट्रायनेही त्याची दखल घेतली होती. माझ्या कंपनीने असे मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. मला ते सिद्ध करता येत नाही. मी एवढेच म्हणतो, की माझा मुका कॉल त्यांच्या वहीत तुटलेला म्हणून नसणार, तो मी कापलेला म्हणून असणार.

भरपाईचीही कथा ऐकून ठेवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने हुकूम काढला, की तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला १ रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम मनमानी ठरवून रद्द केला. कंपन्यांचे म्हणणे होते, की कॉल ग्राहकाच्या बाजूनेही तुटू शकतो आणि दोन टक्के तर तुम्हीच मान्य केलेत. म्हणजे जो दोन टक्क्यांचा मापदंड आपल्या रक्षणासाठी होता, तोच त्यांची ढाल झाला. आता ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम आहेत. त्यात कंपन्यांना कुठे कोणती सेवा पोचते त्याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. पोराला सांगून आपल्या गावाचा नकाशा उघडून बघा. तुमचे वावर रंगवलेले असेल आणि तिथे कॉल लागत नसेल, तर तक्रारीला काहीतरी बूड मिळाले.

दोन बैल, एक खुंटा

काही जण म्हणतील, मी दोन कंपन्यांची दोन कार्डे ठेवतो, मला काय भीती? मीही तसेच केले. पण ज्या दिवशी वीज गेली त्या दिवशी दोन्ही एकदम मेली. जाऊन बघितले तर एकाच खांबावर दोन्ही कंपन्यांच्या अँटेना. आता टॉवर बहुतेक भाड्याचे असतात, खांब एकाचा आणि भाडेकरू दोघे-तिघे. खांबाची बॅटरी उतरली, डिझेल भरायला माणूस आला नाही, की सगळे भाडेकरू अंधारात. अतिवृष्टीत, वादळात नेमके हेच होते आणि आपल्याला कॉल नेमका तेव्हाच लागतो. तेव्हा दुसरे कार्ड घेताना पद्धत कोणती आणि जाहिरात कोणाची हे बघू नका, त्याचा खांब वेगळा आहे का ते बघा. गावाच्या दोन बाजूंना दोन खांब असतील तर एकेक कार्ड घ्या. तसेच एक टॉवर दुसऱ्यामार्फत जोडलेला असतो. वाटेतला एक पडला तर पुढचे उभे असून मुके. हे बाहेरून दिसत नाही, पण दोन कार्डे नेहमी एकाच मिनिटाला जात असतील तर समजून घ्या.

घरात टिनाचे छप्पर असेल तर कार्डाला दोष देण्याआधी अंगणात येऊन बघा. टिन लहर आत येऊ देत नाही.

आता कामाचे बोलतो. "कोणते कार्ड चांगले" याचे उत्तर ना मला माहीत आहे, ना कंपनीला. गावाच्या एका टोकाला एक चांगले, दुसऱ्या टोकाला दुसरे, असे निघू शकते. म्हणून वही करा. प्रत्येक गावातून दहा जणांनी. जागा ठरवा: घर, गोठा, विहीर, सगळ्यात लांबचा धुरा. प्रत्येक जागेवरून प्रत्येक कार्डावरून वीस कॉल, पाच-पाच मिनिटांचे, एकाच दिवशी नव्हे. थोडे वीज असताना, थोडे नसताना. थोडे सकाळी, थोडे रात्री आठला, जेव्हा सगळे गाव बोलत असते. कॉल पहिल्याच वेळी लागला का, तुटला का, मुका झाला का, एवढे लिहा. एकट्याच्या वीस कॉलमध्ये एखादा तुटला तर त्यावरून काही ठरत नाही. दहा जणांचे दोनशे झाले की चित्र दिसते. ज्यांच्या फोनमध्ये सोय आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन त्याच कार्डावर एकदा फक्त टू-जी ठेवून आणि एकदा फोर-जी ठेवून बघा. माझ्या घरी फोर-जी सरस निघाले. नाल्याकाठी टू-जी. कार्ड तेच, खांब तोच, मधे चारशे पावलांचे अंतर.

आणि कॉल मुका झाला तर कापू नका. उभे राहा, घड्याळ बघा, तो स्वतः तुटेपर्यंत सेकंद मोजा आणि लिहा. नाल्याकाठी माझा सगळ्यात लांब मुका कॉल २८ सेकंदांचा निघाला.

वह्या दाराशी ठेवल्या आहेत, गावामागे एक. जाताना न्या. पहिला कॉल मात्र इथून लावू नका, इथे टॉवर समोरच आहे.